तारे निवडणाऱ्या बायका



गॅसवर आमटी उतू गेली की निळी ज्योत एकदम पिवळी होते. आपण गडबडीनं गॅस बारीक करतो, फडकं फिरवतो आणि पुढच्या कामाला लागतो. ती ज्योत पिवळी होते आमटीतल्या मिठामुळं. मिठात सोडियम असतं, आणि सोडियम तापलं की ते ठरलेला पिवळा प्रकाश देतं. दिवाळीच्या दारूकामात हिरवा रंग येतो तो बेरियममुळं, लालभडक येतो तो स्ट्रॉन्शियममुळं. प्रत्येक मूलद्रव्याचा रंग ठरलेला आहे, तो बदलत नाही.

जर्मनीतल्या किर्चहॉफ आणि बन्सन या दोन शास्त्रज्ञांनी १८५९ च्या सुमारास यातूनच एक पद्धत बसवली. प्रकाश काचेच्या लोलकातून सोडला की त्याचा इंद्रधनुष्यासारखा पट्टा पसरतो. त्याला वर्णपट म्हणतात. नीट बघितलं तर त्या पट्ट्यात उभ्या बारीक रेघा दिसतात, दुकानातल्या पुड्यावर असतात तशा. कुठली रेघ कुठं आहे त्यावरून कुठलं मूलद्रव्य आहे ते सांगता येतं. सूर्याच्या आणि ताऱ्यांच्या प्रकाशातही अशा रेघा असतात. म्हणजे ताऱ्याजवळ न जाता, त्याला हात न लावता, तो कशाचा बनलाय ते कळायची सोय झाली.

आज मी सांगणार आहे ती या रेघा वाचणाऱ्या माणसांची गोष्ट. त्यातल्या पुष्कळ बायका होत्या. शेवटी आपण पोचणार आहोत शेजारच्या दीर्घिकेत, जिथं वेगळ्याच घडणीचे तारे त्यांनी शोधून काढले. पण सुरुवात आपल्याच मुलखातून करू.

१८ ऑगस्ट १८६८, श्रावणातली अमावस्या. त्या सकाळी खग्रास सूर्यग्रहण होतं आणि चंद्राची सावली कोकणातून घाट चढून आपल्या भागावरून पूर्वेला गेली. पश्चिमेला विजयदुर्ग, पूर्वेला जमखिंडी, आणि कोल्हापूर मधोमध. जमखिंडी तेव्हा पटवर्धनांचं संस्थान होतं, आता ते कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात येतं. तिथं जॉन हर्शेल नावाचा तरुण लष्करी अधिकारी रॉयल सोसायटीनं पाठवलेली उपकरणं घेऊन बसला होता. श्रावणातलं आभाळ, त्यामुळं ढगांनी त्याला छळलं. तरी मधल्या फटीतून त्याला सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट दिसला, त्यात लाल, नारिंगी आणि निळी रेघ होती. नारिंगी रेघ सोडियमची, आपल्या आमटीतल्या मिठाची, असं त्यानं धरलं. तिकडं गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन होते. त्यांनी त्या ज्वाळा ग्रहण नसतानाही बघायची युक्ती काढली. तीच युक्ती इंग्लंडमध्ये लॉकयर यांनी आपल्या परीनं शोधली आणि ऑक्टोबरात त्यांच्या लक्षात आलं, की ती नारिंगी-पिवळी रेघ सोडियमच्या जागेवर नाहीच, जरा बाजूला आहे. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी ती जुळेना. त्या अनोळखी पदार्थाला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटलं गेलं. पृथ्वीवर तो सापडला थेट १८९५ साली.

विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचा कट्टा’ दाखवतात. सहलीला गेलेल्या बायकांना तिथं हमखास सांगतात, की लॉकयरसाहेबांनी इथंच उभं राहून हेलियम शोधला. किल्ल्यावरून ग्रहण दिसलं हे खरं, पण लॉकयर त्या वेळी इंग्लंडात होते. आपल्या गावाचं नाव मोठं व्हावं असं कुणाला वाटत नाही? पण ज्याचं काम त्याच्या नावावर पडावं, एवढं तरी आपण वही लिहिताना पाळतोच की. जमखिंडीच्या हर्शेलचं नाव मात्र आपल्याकडं फारसं कुणी घेत नाही.

नंतर पुण्यातही हे काम सुरू झालं. कावसजी दादाभाई नायगमवाला हे पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकवायचे. भावनगरच्या महाराजा तख्तसिंगजींच्या देणगीतून त्यांनी १८८८ साली वेधशाळा उभी केली. तिथली २० इंची दुर्बीण त्या काळी भारतातली सर्वांत मोठी होती. ताऱ्यांचे आणि तेजोमेघांचे वर्णपट तपासण्याचं काम तिथं चाले. १८९८ च्या जानेवारीत ग्रहण आलं तेव्हा नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकला होता. १९१२ साली ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या जिवावर चाललेलं काम तो निवृत्त झाला की बसतं, याचं हे उदाहरण.

एक रेघ ओळखायला इतका खटाटोप, मग आकाशातले लाखो तारे कोण तपासणार? ते काम अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत झालं आणि ते बायकांनी केलं.

तिथं काचेच्या तावदानांवर आकाशाचे फोटो काढत. दुर्बिणीच्या तोंडाशी लोलक बसवला, की फोटोत ताऱ्याचा ठिपका न येता छोटीशी रेघोटी येई, म्हणजे त्याचा वर्णपट. एका काचेवर अशा शेकडो रेघोट्या. भिंग घेऊन एकेक रेघोटी बघायची, शेजारची बोलत असेल तिला आकडे सांगायचे, तिनं लिहून घ्यायचे. तांदूळ निवडायला बसल्यासारखं काम. डोळे शिणतात, मान अवघडते. मजुरी होती तासाला २५ सेंट, म्हणजे कारखान्यातल्या मजुरणीच्या आसपास.

या बायकांची पुढारी होती विल्यमिना फ्लेमिंग. स्कॉटलंडमधल्या डंडी गावची. नवऱ्याबरोबर १८७८ साली अमेरिकेत आली आणि पोटात मूल असताना नवरा सोडून गेला. ती वेधशाळेचे प्रमुख पिकरिंग यांच्या घरी मोलकरीण म्हणून लागली. तिची हुशारी पाहून पिकरिंगनी १८८१ साली तिला वेधशाळेत घेतलं. १८९० साली दहा हजारांवर ताऱ्यांची यादी छापली गेली, तिची वर्गवारी मुख्यतः फ्लेमिंगची. या कामाला पैसा आला तोही एका बाईचा. हेन्री ड्रेपर नावाच्या डॉक्टर-खगोलज्ञाची विधवा ॲना ड्रेपर हिनं नवऱ्याच्या स्मरणार्थ तो दिला. आणखी एका बाईनं, कॅथरीन ब्रूसनं, मोठ्या दुर्बिणीसाठी ५० हजार डॉलर दिले. ती दुर्बीण दक्षिण अमेरिकेत पेरू देशातल्या अरेकिपा इथं नेली, कारण दक्षिणेकडचं आकाश अमेरिकेतून दिसत नाही.

फ्लेमिंगची १९०० सालातली रोजनिशी आज वाचायला मिळते. त्यात तिनं पगाराचा हिशेब मांडलाय. तुझं काम फार मोलाचं आहे असं साहेब म्हणतात, पण मला वर्षाला १५०० डॉलर आणि काही पुरुष सहायकांना २५००. घर चालवायचंय, मुलाला शिकवायचंय. गटाच्या वह्या लिहिणाऱ्या आपल्या कितीतरी जणींना हे वाचलं तर ओळखीचं वाटेल.

आता मुद्द्याची गोष्ट. निवडताना सगळे तारे कुठल्या ना कुठल्या ढिगात बसत. पण काही बसेनात. त्यांच्या रेघा भलत्याच. दुसरी कुणी असती तर ‘इतर’ म्हणून बाजूला सारले असते. फ्लेमिंगनं त्या न बसणाऱ्या ताऱ्यांची वेगळी यादी ठेवली आणि वर्षानुवर्षं वाढवत नेली. पेरूहून आलेल्या काचांमध्ये तिला असे विचित्र वर्णपट मॅगेलनच्या मेघांतही सापडले. त्याबद्दलचं टिपण १८९७ साली पिकरिंग यांच्याबरोबर तिच्या नावानं छापलं गेलं. १९११ साली ती वारली. विचित्र वर्णपटांच्या ताऱ्यांची तिची पुरी यादी १९१२ साली छापून आली, तिला ती बघायला मिळाली नाही.

मॅगेलनचे मेघ म्हणजे काय ते सांगते. आपला सूर्य ज्या ताऱ्यांच्या मोठ्या गावात राहतो ती आपली आकाशगंगा. अशा प्रत्येक गावाला दीर्घिका म्हणतात. आपल्या गावाच्या शिवेलगत दोन छोट्या वाड्या आहेत, थोरला मेघ आणि धाकटा मेघ. दक्षिणेकडच्या देशांतून त्या नुसत्या डोळ्यांना ढगाच्या तुकड्यासारख्या दिसतात. थोरल्या मेघातून प्रकाश निघाला तर इथं पोचायला सुमारे १ लाख ६० हजार वर्षं लागतात. आकाशाच्या मानानं हे शेजारच.

हे अंतर मोजायची दोरी दिली तीही हार्वर्डच्याच एका बाईनं. हेन्रिएटा लेविटला कमी ऐकू यायचं. काही ताऱ्यांचा उजेड कमी-जास्त होत राहतो. असे १७७७ तारे तिनं या दोन मेघांत शोधले आणि १९०८ साली छापले. १९१२ साली त्यातल्या २५ ताऱ्यांवरून तिनं दाखवलं, की जो तारा सावकाश लुकलुकतो तो मुळात जास्त तेजस्वी असतो. एकदा खरं तेज कळलं की दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येतं. १९२५ साली स्वीडनच्या एका गणितज्ञानं नोबेलसाठी तिचं नाव सुचवायचं मनात आणून पत्र लिहिलं. तिला जाऊन तोवर तीनेक वर्षं झाली होती.

रेघा तर जमल्या, पण त्यांचा अर्थ लावताना सगळे एका ठिकाणी चुकत होते. सूर्याच्या वर्णपटात लोखंडाच्या रेघा भरपूर, म्हणून सूर्यात लोखंड भरपूर, असं धरलं जाई. बैठकीत जिचा आवाज मोठा, तिचंच मत सगळ्या गटाचं, असं धरण्यासारखं हे. १९२० साली मेघनाद साहा यांनी हे कोडं सोडवायची किल्ली दिली. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या गरीब दुकानदाराचा हा मुलगा. रेघ किती ठळक दिसते ते पदार्थ किती आहे यावर असतंच, पण तारा किती तापलाय यावरही असतं, हे त्यांनी सूत्रात मांडलं.

ते सूत्र हातात घेऊन सिसिलिया पेन नावाच्या इंग्रज मुलीनं हार्वर्डच्या काचा पुन्हा तपासल्या. तिचं शिक्षण केंब्रिजचं, पण केंब्रिज तेव्हा बायकांना पदवी देत नसे. ती दिली १९४८ पासून. पेननं १९२५ साली प्रबंधात हिशेब मांडला, की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत, त्याखालोखाल हेलियम, बाकी सगळं चिमूटभर. त्या वेळचे मोठे शास्त्रज्ञ रसेल यांना हे पटेना. त्यांच्या सांगण्यावरून तिनं स्वतःच्याच निष्कर्षाबद्दल लिहिलं, की हा आकडा बहुधा खरा नसावा. चार वर्षांनी रसेल स्वतः दुसऱ्या वाटेनं तिथंच पोचले. त्यांनी तिच्या कामाचा उल्लेख केला खरा, पण बरीच वर्षं शोध त्यांच्याच नावावर चालला. पेनला प्राध्यापकपद मिळालं १९५६ साली. पुढं तिनं आणि तिच्या नवऱ्यानं मॅगेलनच्या मेघांतल्या ताऱ्यांची लाखो निरीक्षणं केली.

ताऱ्यात बहुतेक सगळा हायड्रोजन आणि हेलियम, तर मग लोखंड, कॅल्शियम, बेरियम हे सगळं आलं कुठून? इथं आपल्या कोल्हापूरचा धागा लागतो. जयंत नारळीकर १९ जुलै १९३८ ला कोल्हापुरात जन्मले. त्यांच्या आईचं माहेर, हुजूरबाजारांचं घर, इथलंच. केंब्रिजमध्ये ते फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी झाले. याच हॉइल यांनी मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज हे जोडपं व विली फाउलर यांच्याबरोबर १९५७ साली एक लांबलचक लेख लिहिला होता. त्यात जड मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटात आणि ताऱ्यांच्या स्फोटात कशी तयार होतात ते पायरीपायरीनं मांडलंय. लेखावर पहिलं नाव मार्गारेटचं. ताऱ्यांच्या रेघा वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बेरियमनं भरलेल्या एका अजब ताऱ्याचा अभ्यास तिनं नवऱ्याबरोबर केला होता. पण त्याआधी कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या शिष्यवृत्तीला ती बाई म्हणून नाकारली गेली होती. मग नवऱ्यानं अर्ज केला आणि ती त्याची मदतनीस म्हणून तिथं गेली. दुर्बिणीवर काम तिनं केलं, कागदावर नाव त्याचं. अशा कर्जवाटपाच्या फायली आपणही पाहिल्यात.

आपण आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या आणतो. त्यातलं, आणि आपल्या रक्तातलंही लोह कुठल्या तरी जुन्या ताऱ्यात शिजलेलं आहे. तारा फुटतो, त्यातला माल आसपास पसरतो, त्यातून नवे तारे होतात, ते आधीच्यापेक्षा थोडे अधिक लोखंडाचे. म्हणून ताऱ्यातलं लोखंड बघून तो कितव्या पिढीतला ते साधारण ओळखता येतं. शेजारच्या वाडीतले तारे तपासायचे ते यासाठी, की तिथल्या पिढ्या आपल्याकडच्यासारख्याच घडल्या का ते कळावं.

तिथली सर्वांत मोठी निवड झाली ती कार्बनच्या ताऱ्यांची. पंगतीत भाकरी आणि आमटी वाढली, तर जे जास्त असेल ते शेवटी उरतं. ताऱ्याच्या बाहेरच्या थरात कार्बन आणि ऑक्सिजन अशीच जोडी जमवतात. बहुतेक ताऱ्यांत ऑक्सिजन जास्त, म्हणून तो उरतो. पण म्हातारा फुगलेला तारा पोटात कार्बन तयार करून वर आणतो, आणि कधी कधी कार्बन वरचढ ठरतो. असा तारा काजळी धरलेल्या कंदिलासारखा तांबडा दिसतो आणि त्याच्या वर्णपटात कार्बनचे रुंद काळे पट्टे येतात. ओळखायला सोपा, पण शोधायचा लाखोंच्या गर्दीत.

चिलीतल्या सेरो तोलोलो वेधशाळेत व्हिक्टर ब्लँको, त्यांची पत्नी बेट्टी ब्लँको आणि मार्टिन मॅकार्थी या तिघांनी हे काम केलं. पद्धत हार्वर्डचीच, दुर्बीण मात्र चार मीटरची. मेघांचे ठरावीक तुकडे घेतले, प्रत्येक तुकड्यातल्या रेघोट्या तपासल्या आणि कार्बनचे तारे वेगळे, ऑक्सिजनचे वेगळे मोजले. १९८० साली त्यांनी छापलं, की आपल्या आकाशगंगेच्या मानानं मेघांत कार्बनच्या ताऱ्यांचं प्रमाण बरंच जास्त आहे, आणि धाकट्या मेघात तर फारच. कारण समजायला सोपं आहे. धाकटी वाडी गरीब. तिथल्या ताऱ्यांना जन्मतःच ऑक्सिजन कमी मिळाला, म्हणून थोड्याशा कार्बननंही पारडं फिरतं.

या शोधात आता पुण्याचाही वाटा आहे. नारळीकरांनी १९८८ साली पुण्यात आयुका ही संस्था उभी केली. दक्षिण आफ्रिकेतल्या सॉल्ट या मोठ्या दुर्बिणीत आयुका भागीदार आहे आणि तिथून दोन्ही मेघ दिसतात. नारळीकर २० मे २०२५ ला पुण्यात गेले.

२०२४ साली शिकागो विद्यापीठाच्या अनिरुद्ध चिती आणि सहकाऱ्यांनी थोरल्या मेघातले अतिशय कमी लोखंडाचे दहा जुने तारे जाहीर केले. आधी गाया यानानं गोळा केलेल्या माहितीतून संशयित तारे निवडले, मग चिलीतल्या दुर्बिणीनं एकेकाच्या रेघा वाचल्या. आपल्या आकाशगंगेतल्या अशा पुरातन ताऱ्यांत पुष्कळदा कार्बन जास्तीचा सापडतो. त्या दहांत तो आढळला नाही. म्हणजे त्या वाडीत पहिल्या पिढीचे तारे वेगळ्या तऱ्हेनं जगले असावेत. का, यावर काम चालू आहे.

तुम्ही विचाराल, हे मेघ आपल्याला दिसतील का? कोल्हापुरातून थोरला मेघ दक्षिण क्षितिजाच्या जेमतेम दोन बोटं वर येतो, त्यामुळं डोंगर आणि धुरळ्यात तो हरवतो. दुसरी शेजारीण मात्र दिसते, देवयानी दीर्घिका. ती मेघांपेक्षा खूप लांब आहे, २५ लाख प्रकाशवर्षं, पण आकारानं मोठी. कार्तिक-मार्गशीर्षात रात्री नऊच्या सुमाराला वर बघा. पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा मिळून चार ताऱ्यांचा मोठा चौकोन होतो. त्याच्या ईशान्य कोपऱ्यापासून उत्तरेकडं सरकलं, की डोक्यावरून जरा उत्तरेला कापसाच्या बोळ्यासारखा पुसट ठिपका सापडतो. अमावस्येच्या जवळची रात्र हवी आणि गावचे दिवे पाठीमागं हवेत. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी पाजायला जाणं होतं, तेव्हा मोटर सुरू करून बॅटरी विझवा आणि डोळ्यांना पाच-दहा मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या.